हजेरीतलं नाव

सकाळी सहा वाजता वायरलेसवर सिंहांची हजेरी होई. सिंह वाचवणाऱ्या छावणीचा प्रमुख कियोको चहाचा मग शेजारी ठेवून वहीतलं एकेक नाव वाचायचा, आणि ज्याच्या हद्दीत त्या सिंहाचा माग लागला असेल तो माणूस जागा सांगायचा. कुणी म्हणे, "नदीकाठी, दोन बच्च्यांसह." कुणी म्हणे, "माग नाही." सिंह कुठे आहे ते कळलं की गुराखी गुरं दुसरीकडे वळवायचे आणि भाले घरातच राहायचे. सिरोन्का अकरा वर्षं या हजेरीला उत्तर देत आला होता. सेलेंकेईच्या कोरड्या पात्रापासून च्यूलू डोंगरांच्या पायथ्यापर्यंतचा मुलूख त्याच्याकडे होता. त्याची स्वतःची वस्तीही त्यातच होती.

त्या वर्षी गवत लवकर संपलं. सिरोन्का गुरं घेऊन तीन आठवडे डोंगरापलीकडे होता. परत आल्यावर पहिल्याच सकाळी त्याने वायरलेस लावला. कियोकोने ओळखीची पाच नावं वाचली. सहावं नाव सिरोन्काच्या थोरल्या भावाचं होतं.

आधी त्याला वाटलं, आपण अर्धवट झोपेत आहोत. कियोकोने ते नाव पुन्हा घेतलं. मग म्हणाला, "सिरोन्का, आलास ना परत? हा नवीन नर आहे. तुझ्याच बाजूला फिरतोय. बघ जरा."

थोरलाही छावणीसाठी माग काढायचा. तीन वर्षांपूर्वी तो गेला होता. किमानाच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल ट्रकखाली आली. त्या दिवसापासून वस्तीत कुणी ते नाव उच्चारलं नव्हतं. गेलेल्याचं नाव घेत नाहीत. घेतलं म्हणजे हाक मारल्यासारखं होतं. शेजारच्या एका पोराचं तेच नाव होतं, तर त्याला त्याच आठवड्यात दुसरं नाव मिळालं. वहिनी बोलताना फारच अडलं तर "पोरीचे बाबा" म्हणायची. वस्तीच्या काटेरी कुंपणात थोरल्याच्या गुरांसाठी वेगळं दार होतं. तेही बाभळीच्या फांद्या कोंबून बंद केलेलं होतं.

ऊन चढायच्या आत सिरोन्का छावणीवर पोचला. लिसबेतबाई तंबूत टेबलाशी बसल्या होत्या. त्या बेल्जियममधल्या, ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. तीन महिने स्वयंसेवक म्हणून आल्या होत्या. गाडीत उभं राहून फोटो काढण्यापेक्षा त्यांना जुन्या नोंदी लावण्यात जास्त रस. सिंहाच्या मिशांच्या मुळाशी ठिपक्यांच्या ओळी असतात, आणि त्या प्रत्येकाच्या वेगळ्या. त्यावरूनच सिंह ओळखायचा. लिसबेतबाई भिंग घेऊन ते ठिपके मोजत. पूर्वीच्या स्वयंसेवकांनी केलेल्या सात चुका त्यांनी शोधून काढल्या होत्या.

त्यांनी नव्या सिंहाचं कार्ड त्याच्यापुढे ठेवलं. फोटो, ठिपके, आणि गोल, सुबक अक्षरात ते नाव.

"तुमच्या भावाच्या जुन्या वह्या वाचल्या मी," त्या आपल्या मोडक्या स्वाहिलीत म्हणाल्या. "किती नीट लिहायचे ते. पावसाची नोंद वेगळी, वाऱ्याची वेगळी. म्हटलं, नव्या सिंहाला त्यांचंच नाव द्यावं. तुम्हाला आवडलं ना?"

सिरोन्का कार्डाकडे बघत राहिला. चूक झाली आहे, हे सांगायचं तर कोणतं नाव चुकलं ते सांगावं लागणार. बाई इतक्या आशेने वर बघत होत्या की त्याला नुसतं खोकताच आलं.

"ठिपके छान काढलेत," तो म्हणाला. "कुठून आला हा?"

"त्सावोच्या अभयारण्याकडून असावा. रेडिओचा गळपट्टा बसवला तेव्हा डॉक्टर म्हणाले, तीन वर्षांचा आहे."

बाहेर आल्यावर त्याला दुसरे माग काढणारे भेटले. कुणीच त्याच्या नजरेला नजर दिली नाही. त्यांना वाटलं होतं, हे नाव द्यायला धाकट्या भावाने होकार दिला असेल. विचारायचं तरी कसं? कियोको वेगळ्या जमातीचा, कांबा. तो गेल्याच वर्षी आलेला, आणि ते नाव कुणाचं होतं हे त्याला ठाऊक नव्हतं. उद्या सांगू, असं सिरोन्काने ठरवलं.

त्या उद्याला बारा दिवस लागले.

रोज सहा वाजता कियोको ते नाव दोनदा, कधी तीनदा घ्यायचा. पहिले तीन दिवस माग नदीपाशी होता. चौथ्या दिवशी तो खडकाजवळच्या झऱ्याशी निघाला. आठव्या दिवशी एका एकट्या बाभळीखाली सिंह तासभर बसलेला होता. धुळीत पोटाचा आणि पुढच्या पंजांचा ठसा स्वच्छ उमटला होता. सिरोन्का काठी टेकून उभा राहिला. पायी फिरतीच्या काळात थोरला नदीवरून निघाला की झऱ्याशी थांबायचा, आणि मग या बाभळीखाली बसून तंबाखू काढायचा. तिथून थेट घरी.

सावली तिथे आहे, सिरोन्काने स्वतःला समजावलं. सिंहालाही सावली लागते.

दहाव्या दिवशी पहाटे माग वस्तीशी होता. सिंह कुंपणाला वळसा घालत हिंडला नव्हता. भुकेला सिंह तसा हिंडतो, फट शोधतो. हा सरळ आला होता, थोरल्याच्या बंद दारापर्यंत. तिथे चारही पंजे नीट जुळवून उभा राहिला होता. मग आलेल्या वाटेने परत गेला होता. आत चाळीस गुरं होती. एकही हंबरली नव्हती. कुत्रा शेपटी हलवत त्या ठशांचा वास घेत होता.

सिरोन्काने आजूबाजूला पाहिलं, आणि चपलेने ते ठसे पुसून टाकले. हजेरीला तो म्हणाला, "माग नाही." अकरा वर्षांतली ती त्याची पहिली खोटी नोंद.

पण सगळेच ठसे पुसले गेले नव्हते. बाराव्या दिवशी सकाळी शेजारचा तिपापे दात कोरत कुंपणाशी उभा होता. दोघं एकाच वर्षी मोरान, म्हणजे भालाधारी जवान, झालेले, त्यामुळे तिपापेची जीभ त्याच्याशी सैल असायची.

"तुमचा सिंह फार सभ्य आहे बाबा," तो म्हणाला. "दारापर्यंत येतो आणि काही न मागता जातो. माझा मेहुणासुद्धा इतका सभ्य नाही."

"कुणी पाहिलं?"

"पोरांनी. आज रात्री ती भाले घेऊन बसणार आहेत. आणि मी त्यांना अडवणार नाही, सिरोन्का. तुझ्या वहिनीचं घर त्या दारापासून वीस पावलांवर आहे. चार वर्षांची पोर आहे आत."

"नुकसान काय केलंय त्याने?"

"तेच तर," तिपापे हसायचं थांबून म्हणाला. "नुकसान करत नाही म्हणूनच. बोकड उचलला असता तर मी शांत झोपलो असतो."

पोरांनी त्या सिंहाला भोसकलं, तर दुसऱ्या दिवशी हजेरीला काय सांगायचं? ते नाव मेलं, असं? आणि नाही भोसकलं, तर तो दाराशी कुणासाठी येतो आहे?

दुपारी सिरोन्का लिसबेतबाईंना घेऊन निघाला. गाडी तोच चालवत होता. बाईंनी खिडकीतून अँटेना धरला होता. गळपट्ट्याची टिकटिक किमानाच्या रस्त्याकडे वाढत गेली. ऊन इतकं होतं की समोरचं सपाट माळरान पाण्यासारखं हलत होतं. रस्त्याच्या कडेला, उघड्यावर, कसलीही सावली नसताना सिंह बसला होता. सिरोन्काने इंजिन बंद केलं. ही जागा त्याने तीन वर्षं टाळली होती.

"अशा उन्हात इथे का बसलाय?" बाई कुजबुजल्या.

सिंहाच्या आयाळीत अजून दाटपणा आला नव्हता. तो रस्त्याकडे बघत होता, कुणाची तरी गाडी यायची असावी तसा.

वायरलेस खरखरला. दुपारी कियोको कधी हजेरी घेत नसे, पण गळपट्ट्याचा नकाशा त्याच्यासमोर असणार. त्याने ते नाव घेतलं.

"...कुठे आहे?" त्याने विचारलं.

सिंह उठला.

सिरोन्काचा अंगठा अजून बटणावर गेला नव्हता.

कियोकोने पुन्हा ते नाव घेतलं. सिंहाने मान वळवली. तो चालत आला, घाई नाही, दबकणं नाही. बाईंच्या बाजूने न जाता पुढून वळसा घालून तो सिरोन्काच्या दाराशी आला. काच अर्धी उघडी होती.

श्वासाची ऊब आत आली.

त्या श्वासाला रक्ताचा वास नव्हता. तंबाखूचा होता.

"सिरोन्का," बाई ओठ न हलवता म्हणाल्या, "काच."

त्याने काच वर केली नाही. सिंहाच्या नजरेला नजर देत तो हळू म्हणाला, "त्याचं नाव बदला. आजच बदला."

सिंह बराच वेळ उभा राहिला. मग गाडीच्या मागून निघून गेला. परतीच्या वाटेवर सिरोन्काने सगळं सांगितलं, एकदाही ते नाव न घेता. छावणीचं फाटक दिसायला लागलं तेव्हा बाई म्हणाल्या, "मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगायला ते नाव घ्यावं लागलं असतं."

कियोको आधी कुरकुरला, की नोंदी पुढे गेल्यात, कार्ड लिहून झालंय. मग सिरोन्काचा चेहरा बघून त्याने वहीतलं ते नाव खोडलं. लिसबेतबाईंनी जुनं कार्ड स्वतःच्या हाताने चुलीत घातलं आणि नव्यावर नुसता आकडा घातला, सदतीस. त्या रात्री पोरं भाले घेऊन बसली आणि कंटाळून झोपली. सिंह आला नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. गळपट्ट्याच्या खुणा पूर्वेकडे सरकू लागल्या. तिपापे म्हणाला, "आकडा ऐकून रागावला वाटतं पाहुणा." सिरोन्का बऱ्याच दिवसांनी हसला. लिसबेतबाईंचे तीन महिने संपत आले होते. त्या रोज नजर चुकवून माफी मागायच्या आणि तो रोज म्हणायचा, "झालं ते झालं, बाई."

पाचव्या सकाळी तो वायरलेस कानाशी धरून कुंपणाबाहेर उभा होता. उजाडत होतं.

"सदतीस," कियोको म्हणाला. त्याचा आवाज खुशीत होता. "नको शोधूस. नकाशावर दिसतोय. त्सावोत पोचला, साठ मैलांवर. पहाटे चारपासून एकाच जागी झोपलाय."

सिरोन्काने सुटकेचा श्वास सोडला आणि वस्तीला वळसा घालून निघाला. थोरल्याच्या दाराशी त्याचे पाय थांबले.

बाभळीच्या फांद्या बाजूला रचून ठेवल्या होत्या. आतल्या बाजूने, एकावर एक, नीट.

धुळीत पंजांचे ठसे होते. त्याने काठीने माप घेतलं. बोटांमधलं अंतर त्याला पाठ होतं, आणि ते तेच होतं. ठसे ताजे होते, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. ते आत गेले होते.

बाहेर आलेले ठसे त्याने शोधले. दोनदा शोधले.

गुरं शांतपणे रवंथ करत होती. वहिनी तांबड्या गाईखाली बसून धार काढत होती. गळ्यात तिने मण्यांचे सगळे पदर घातले होते. तीन वर्षांत ते तिने घातले नव्हते.

"वहिनी," तो म्हणाला. "दार कुणी उघडलं?"

"मी." तिने मान वर केली नाही. धारेचा आवाज एका लयीत चालू राहिला.

"का?"

"तुम्ही तिकडे हाक मारायची बंद केलीत, भाऊजी," ती म्हणाली. "रोज तुमच्या वायरलेसवरून कानावर पडायची. मग मीच मारली."

तिच्या घराचं बुटकं दार उघडं होतं. आत काळोख होता.

"पोरगी कुठे आहे?"

"आत. उठलीय मघाशीच." वहिनीने भांडं उचललं, वरचा फेस फुंकून बाजूला केला. "बसा ना. चहा टाकते सगळ्यांना."

सिरोन्काला दोन पावलं पुढे टाकायची होती. ती पडेनात. आतून पोरीचं हसू येत होतं. मध्येच धाप लागून थांबणारं, पुन्हा फुटणारं, पोटाशी कुणी तोंड घासलं की लहान मूल हसतं, तसं.