तोलगादीचा हिरवा दिवा

"वजन स्थिर. अभिनंदन!" तोलगादी म्हणाली आणि वैजयंतीबाईंचं डोकंच फिरलं.

"अभिनंदन कसलं करतेस, मेले! उठवत नाहीये त्याला!"

गादीवर पडलेल्या बटाट्याने, म्हणजे त्यांच्या तेरा वर्षांच्या गावठी कुत्र्याने, शेपूट एकदा आपटून होकार दिला. लेकीने नागपूरहून ही गादी पाठवली तेव्हापासून घरात तिचंच राज्य होतं. कुत्र्याने तिच्यावर झोपायचं, सकाळी तिने त्याचं वजन सांगायचं आणि त्या बेताने खाण्याच्या भांड्याचं झाकण उघडायचं. वजन वाढलं तर झाकण अर्धंच उघडे. म्हातारपणी वजन आटोक्यात हवं, एवढंच तिला ठाऊक.

"अहो, हा दोन दिवस नीट खात नाहीये. डॉक्टरांना दाखवू या."

"हिरवा दिवा आहे ना? मग झालं तर!" दिगंबरराव चपलेत पाय कोंबत होते. "उगाच घोर लावून घेतेस. त्यापेक्षा या चपला बघ, वर्षात आटल्या. हल्ली मालच असला."

त्यांच्या पलंगावरही त्याच कंपनीची गादी होती आणि तिचाही दिवा कायम हिरवा. त्यामुळे या माणसाशी वाद घालण्यात अर्थच उरला नव्हता.

नरकचतुर्दशी होती. पिल्लू होता तेव्हापासून या दिवशी बटाट्यालाही तेल लागायचं. उटणं नाही, नुसतं कोमट तेल. दिगंबरराव मात्र दोन वर्षांपासून पाठ रगडून घेत नव्हते. शॉवरखाली दोन मिनिटांत आटोपतं म्हणे. वैजयंतीबाई वाटी घेऊन खाली बसल्या. बटाट्याच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला आणि तो मध्येच थांबला. मणका न् मणका हाताला लागत होता. पोट मात्र गच्च, टम्म.

"रिक्षा बोलवा," त्या ओरडल्या. "आत्ताच्या आत्ता! आणि दिवा हिरवा आहे म्हणालात तर बघा!"

डॉक्टर शिरोळे सणाची साडी नेसूनच दवाखान्यात आल्या. त्यांनी बटाट्याचं पोट एका बाजूने टिचकावलं, दुसऱ्या बाजूला तळवा धरला.

"मावशी, पाणी साठलंय. हृदय थकलंय त्याचं. अंगावरचं मांस झडत गेलं आणि तेवढंच पाणी पोटात भरत गेलं."

"पण वजन तर हललं नाही!" दिगंबरराव म्हणाले.

"कसं हलेल काका? गादी नुसती बेरीज बघते. हात लावून कोणी पाहिलं नव्हतं का?"

वैजयंतीबाईंना रडू आलं आणि स्वतःचा भयंकर रागही आला. रोज त्या गादीशी भांडत राहिल्या, पण कुत्र्याच्या अंगावरून हात काही फिरवला नाही.

डॉक्टरांनी पाणी उतरवायची गोळी दिली. बटाट्या पुरता बरा होणार नव्हता, पण पाडव्याच्या सकाळी तो आपल्या पायांनी अंगणात जाऊन आला आणि भाकरी दुधात कुस्करून दिली तर सगळी चाटूनपुसून खाल्ली. मागे गादी ठणाणा करत होती, "वजन घटले! तातडीने लक्ष द्या!" दिवा लालभडक.

"बघ, लाल झाला," दिगंबरराव धास्तावून म्हणाले.

"होऊ दे लाल! त्याला बरं वाटतंय, दिसत नाही का तुम्हाला?" असं म्हणून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. सदरा खांद्यांवरून ओघळत होता. कालच एक नंबर मोठ्या घेतलेल्या चपलांचे पट्टे पावलांत रुतले होते.

"बसा इथे."

"आता काय काढलंस?"

"बसा म्हणते ना! सदरा काढा."

नरकचतुर्दशीची तेलाची वाटी अजून गादीपाशीच होती. त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर तळवा ठेवला. बरगड्या मोजता आल्या असत्या. मग खाली वाकून त्यांनी घोट्याजवळ अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला.

"अगं, माझं सकाळीच झालंय," दिगंबरराव चिडून म्हणाले. "वजन स्थिर आहे. अभिनंदनसुद्धा केलं माझ्या गादीने."

खळगा भरत नव्हता.

"अहो," वैजयंतीबाईंनी विचारलं, "तुमच्या पाठीवरून शेवटचा हात कधी फिरवला होता हो मी?"