मशीन दुप्पट, फरक चिमूटभर

माझ्या प्रोग्रॅमची चाल होती, घड्याळ पळत होतं, आणि स्क्रीन एकदम काळी झाली.

मी टेबलाखाली वाकले. एक उंच माणूस माझा प्लग काढून तिथे स्वतःचा मोबाइल लावत होता.

"अहो! डोळे फुटलेत का तुमचे?"

"हा... तुमचा होता?"

"नाही, तुमच्या आजोबांचा!"

कॉम्प्युटर बुद्धिबळाची स्पर्धा होती ती. तिथे प्रोग्रॅम एकमेकांशी खेळतात, आणि माणसं शेजारी बसून नखं खातात. दिवसा रक्ततपासणीच्या लॅबमध्ये राबून, सहा वर्षं संध्याकाळी बसून मी माझा प्रोग्रॅम लिहिला होता. लॅपटॉप जुना, बॅटरी मेलेली. तो पुन्हा सुरू होईपर्यंत वेळ संपली, डाव गेला.

तो माणूस स्वतः पंचांकडे गेला. "चूक माझी आहे. यांचा डाव पुन्हा खेळवा." पंचांनी ऐकलंही. पण त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या कंपनीने जाहीर केलं होतं – पैशाची चिंता नाही, वर्षभरात जगातला सर्वोत्तम बुद्धिबळाचा प्रोग्रॅम आम्ही करू!

कॅन्टीनमध्ये त्याने माझ्यासमोर चहा ठेवला.

"पैसा ओतला की प्रोग्रॅम सुधारतो, असं वाटतं तुम्हाला?" मी विचारलं.

"वाटतं. मशीन वाढली की पुढचं जास्त दिसतं."

"मूर्खाला दुर्बीण दिली म्हणून तो शहाणा होतो का?"

तो मान खाली घालून हसला. ते हसणं मला आवडलं... आणि त्याचाही राग आला.

"करूनच बघू," तो म्हणाला. "तुमचा प्रोग्रॅम, आमची दोनशे मशीन. एक महिना."

मग दर शनिवारी तो निकालाचे कागद घेऊन घरी येऊ लागला. ताई दारातूनच ओरडायची, "तुझी कंपनी आली गं!" भांडता भांडता 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. मशीन दुप्पट केली, पुन्हा दुप्पट केली. फरक चिमूटभर.

एका शनिवारी हरलेला डाव बघताना त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. "हा तुझा उंट कोपऱ्यात कोंडलाय. पण प्रोग्रॅम त्याला अजून कामाचा समजतोय."

मी चार ओळी बदलल्या. दोन दिवस चाचणी चालली. महिनाभरात झाली नव्हती एवढी सुधारणा त्या चार ओळींनी झाली!

"बघितलंस?" मी म्हणाले.

"बघितलं. पण हे दोन दिवसांत कळलं ते मशीनमुळे. तुझ्या लॅपटॉपला वर्ष लागलं असतं."

खरं बोलत होता मेला. मी दिवसभर धुमसत होते.

आणि मग तो यायचाच बंद झाला. फोन नाही, निरोप नाही. दोन शनिवार गेले. तिसऱ्या आठवड्यात मी तणतणत त्याच्या ऑफिसात गेले, तर हा टेबल आवरून पुस्तकं खोक्यात भरत होता.

"हे काय?"

"अहवाल दिला मी. लिहिलं, नुसत्या पैशाने थोडंच सुधारेल, मोठी उडी डोक्यातून येते. आणि त्या चार ओळी तुझ्या आहेत, तुला विचारल्याशिवाय वापरता येणार नाहीत. साहेब म्हणाले, अहवालातून तिचं नाव काढा. मी नाही काढलं. राजीनामा दिला."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"तू... रागावली असतीस."

"मग आत्ता काय आरती ओवाळतेय? तीन आठवडे फोनकडे बघत बसले मी! लॅबमध्ये दोन पेशंटचे रिपोर्ट उलटसुलट होता होता राहिले! मला तू आवडतोस, आणि हे असं ओरडून सांगावं लागतंय, म्हणून भयंकर राग येतोय मला!"

सगळ्या ऑफिसने माना वर केल्या. त्याने खोकं खाली ठेवलं. कान लालबुंद.

"हळू बोल," तो पुटपुटला. मग म्हणाला, "नाही... नको. पुन्हा बोल. अगदी तसंच."

मी पुन्हा बोलले. आधीपेक्षा मोठ्याने.