'काकवी'चा सारथी कोण?

"पुसलं? अहो, पुसलं कशाला तुम्ही!"

टेसचा आवाज गॅरेजच्या पत्र्याला जाऊन थडकला. मिस्टर प्रूट यांनी हातातल्या फडक्याकडे पाहिले, मग ट्रकच्या खिडकीकडे पाहिले आणि ते हसले. त्या काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने लिहिलेला शर्यतीचा क्रमांक पंचेचाळीस वर्षे टिकून होता. आता त्यातला एकटा सात तेवढा उरला होता.

"मळ होता गं तो! दोन आठवडे थांब. असा लाल झळकवतो, की तुझ्या आजोबांनाही ओळखू येणार नाही!"

"अहो, ओळखूच येणार नसेल, तर मग तो त्यांचा ट्रक कसला?" टेसचा मित्र डेस्मंड म्हणाला.

"तुम्ही दोघं झाडू मारायला आलात ना? मारा!"

'काकवी' हे त्या १९५३ सालच्या ट्रकचे नाव. गाड्यांच्या शर्यतींसाठी असलेल्या हॅडलीच्या धावपट्टीवर तो पहिल्यांदा उतरला, तेव्हा कुणीतरी 'काकवीसारखा संथ' म्हणून त्याला हिणवले. टेसच्या आजोबांनी, ऑर्विल स्टकी यांनी, तेच नाव हट्टाने दारावर आपल्या नावाशेजारी रंगवले. पुढे सलग तीन उन्हाळे पाव मैलाच्या त्या सरळ पट्टीवर काकवीच्या पुढे कुणीही गेले नाही. गेल्या हिवाळ्यात आजोबा निवर्तले आणि त्यांच्या इच्छेनुसार ट्रक धावपट्टीच्या मंडळाकडे आला. त्याचा जीर्णोद्धार करून तो नव्यासारखा करावा, की आहे तसाच जतन करावा, हे शनिवारी मंडळाच्या सभेत मतदानाने ठरायचे होते. मिस्टर ग्रेडी प्रूट मंडळाचे अध्यक्ष, आणि गॅरेजही त्यांचेच. आज अजून गुरुवार होता, आणि सभेला न विचारता अध्यक्षांनी फडके हाती घेतलेही होते! बसायची खुर्ची उचकटून कोपऱ्यात टाकलेली होती.

"टेस! डेस! हे बघा काय सापडलं!"

हा डेस्मंडचा धाकटा भाऊ लॉनी, वय वर्षे दहा. भंगाराच्या पिंपात तो कमरेपर्यंत वाकला होता. बाहेर आला तो हातात लाकडाचा एक ठोकळा घेऊनच. ठोकळ्यावर सायकलच्या टायरचे रबर खिळ्यांनी बसवलेले होते आणि मागे दोन लोखंडी पट्ट्या होत्या.

"ते क्लचला बांधलेलं होतं," जेवायला निघता निघता मिस्टर प्रूट म्हणाले. "काहीतरी गावठी जुगाड! फेकून दे."

ते गेल्यावर मुलांनी ठोकळा क्लचवर धरून पाहिला. पट्ट्या तंतोतंत बसल्या.

"पण याची गरजच काय?" तळावरच बसून पाय लांबवत डेस्मंड म्हणाला. "याच्याशिवायसुद्धा माझा पाय पोचतो की!"

"तुझे पाय म्हणजे बांबू आहेत!" लॉनी म्हणाला.

"गप रे! आजोबा तर माझ्याहून केवढे उंच होते!"

टेस एव्हाना ट्रकच्या तळावर पालथी पडली होती. तिथे खुर्चीच्या बोल्टांची मूळची चार भोके होती. त्यांच्या वीतभर पुढे आणखी चार होती, हाताने पाडलेली. आणि बोल्टांच्या ताज्या खुणा याच पुढच्या भोकांना होत्या.

"खुर्ची पुढे घेतलेली होती," ती सावकाश म्हणाली. "ठोकळासुद्धा लावलेला. ट्रक कुणीतरी बुटकं माणूस चालवत होतं!"

"पण दारावर नाव तर ऑर्विलचं आहे," डेस्मंड म्हणाला.

आता, दारावर ज्याचे नाव तोच चालक, ही त्या गावातली श्रद्धा. त्या नावाविषयी कुणी शंका घेत नसे, आणि शिरस्त्राण व चष्मा घातलेल्या चेहऱ्याकडे कुणी निरखून पाहत नसे. नियमही तसाच होता. त्या काळी हॅडलीच्या धावपट्टीवर स्त्रियांना शर्यतीची बंदी होती.

संध्याकाळी टेस वर्नाआजीकडे गेली. ती ऑर्विल आजोबांची बहीण. अंगणात बसून ती मक्याची कणसे सोलत होती.

"आजी, काकवी कोण चालवायचं गं?"

आजीचे हात थांबले. "दारावर काय लिहिलंय?"

"आजोबांचं नाव."

"मग झालं तर."

कणसे पुन्हा सोलली जाऊ लागली, पण सालपटे आता फार जोराने निघत होती. टेसने आजीच्या पायांतले बूट पाहिले. लॉनीच्या बुटांएवढेच होते ते.

ती डेस्मंडच्या घरी धावत आली, ती संतापाने लाल होऊन. "तो ठोकळा फेकला असता, नवी खुर्ची बसवली असती, भोकं बुजवली असती, की संपलं सगळं! आजीचा एकुलता एक पुरावा!"

"सभेत सांगू या," डेस्मंड म्हणाला.

"आपलं ऐकणार कोण? त्यांनाच दिसलं पाहिजे!"

शुक्रवारी डेस्मंडने अत्यंत नम्रपणे विचारले, "मिस्टर प्रूट, ट्रक आधी किती वाईट होता, हे सभेला दाखवायला नको का? आम्ही होतं तसं सगळं परत बसवून देतो."

"शाब्बास! जितकं ओंगळ दिसेल तितकं बरं!" मिस्टर प्रूट म्हणाले. खुर्ची पुढच्या भोकांवर बसली. ठोकळा क्लचवर चढला.

शनिवारी सकाळी गॅरेजसमोर तीसेक माणसे जमली. गावच्या साप्ताहिकाचा छायाचित्रकारही आला होता. चमकत्या लाल रंगाचा नमुना उंच धरून मिस्टर प्रूट भाषण देत होते. ते श्वास घ्यायला थांबले आणि टेस पुढे झाली.

"मिस्टर प्रूट, माझे आजोबा केवढे उंच होते हो?"

"ऑर्विल? माझ्याएवढाच! सहा फूट चार इंच. पाठीला पाठ लावून मोजलं होतं आम्ही!"

"मग त्यांच्या जागी बसा ना! मस्त फोटो येईल!"

मिस्टर प्रूट प्रसन्न झाले. टोपी सावरून ते आत शिरले, म्हणजे शिरू लागले. पोट आत गेले, एक पाय गेला. दुसरा गुडघा मात्र स्टिअरिंगखाली जाऊन घट्ट रुतला.

"आता क्लच दाबा!" लॉनी ओरडला.

"गुडघा... अरे, गुडघा हलत नाहीये!"

"ग्रेडी, शर्यत उद्या आहे, सावकाश ये!" गर्दीतून कुणीतरी म्हणाले. सगळे खदखदून हसले. टेस मात्र हसली नाही.

"हसू नका!" ती म्हणाली. "या खुर्चीवर बसून आजोबांनी तीन उन्हाळे जिंकले, असं तुम्ही सगळे मानता! बसता तरी येतं का बघा! आणि ही खुर्ची, हा ठोकळा, ही भोकं, सगळं रंगवून टाकायला निघालात? सभेला न विचारता?"

हसू विरले. दोघांनी ओढून मिस्टर प्रूट यांना बाहेर काढले. तोवर गर्दीतून वर्नाआजी पुढे आली होती. कुणाशी एक शब्दही न बोलता ती चढली आणि बसली. तिचा डावा पाय न पाहताच उचलला गेला आणि रबरावरच्या झिजलेल्या खळग्यात जाऊन अलगद विसावला. क्लच तळापर्यंत दबला.

कित्येक वृद्धांनी टोप्या काढल्या.

"वर्ना," मिस्टर प्रूट गुडघा चोळत म्हणाले, "इतकी वर्षं तू सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं, ग्रेडी." आजीच्या शब्दांना धार होती. "बंदी उठली त्याच दिवशी, तुझ्या वडिलांना. धावपट्टीचे प्रमुख होते ना ते! हसले. म्हणाले, 'वर्ना, जा, पोरांना लिंबूसरबत दे.' त्या पोरांत तूही होतास. दोन पेले प्यायलास! ऑर्विल भांडायला निघाला होता, मीच अडवलं. सगळे विजय रद्द केले असते त्यांनी."

मिस्टर प्रूट यांनी मान खाली घातली. लाल रंगाचा नमुना त्यांनी घडी करून खिशात कोंबला आणि मतदानात पहिला हात त्यांचाच वर गेला. ठराव एकमताने झाला: गंज थांबवावा, ब्रेक आणि इंधनाच्या नळ्या बदलाव्यात, बाकी कशालाही हात लावू नये.

मंडळाचे सर्वांत वृद्ध सभासद मिस्टर ओगल्सबी काठी टेकत मुलांपाशी आले. "त्या दारावरचं नाव मी हजारदा वाचलं," ते म्हणाले. "आत वाकून बघायची बुद्धी मला एकदाही झाली नाही. तुम्हाला झाली. आम्ही तुमचे ऋणी आहोत, मुलांनो."

"मग ट्रकजवळ लावायच्या पाटीवर आता काय लिहायचं, वर्ना?" मिस्टर प्रूट यांनी हळूच विचारले.

आजी अजून स्टिअरिंग सोडायला तयार नव्हती.

"ट्रक ऑर्विलने बांधला, असं लिही," ती म्हणाली. "आणि हाकला वर्नाने. दोन्ही नावं एकाच मापाच्या अक्षरांत! मी स्वतः पट्टी घेऊन मोजायला येणार आहे."