टँकरच्या रांगेतले फ्रेंच प्रश्न

टँकरच्या रांगेत कुणी माझी चूक काढेल असं वाटलं नव्हतं. मी पुस्तक उघडून आपली पुटपुटत होते, इतक्यात मागून आवाज आला, "फ्रेंचमधी पाणी 'ती' असती. 'तो' न्हाई."

वळून पाहिलं. दोन्ही हातांत घागरी, खिशाला पेन. विरूपाक्ष, लातूर जिल्हा झाल्यावर नव्या कचेरीत देगलूरहून आलेला कारकून. हैदराबादला शिकताना त्याने फ्रेंच घेतलं होतं. आईचे गुडघे दुखतात म्हणून बायकांच्या रांगेत निमूट उभा होता.

"'ती' हाय म्हणूनच चार-चार दिवस वाट बघायला लावती," मी म्हटलं.

तो हसला... आणि माझी पंचाईत झाली.

मला फ्रेंच शिकायला वर्षभर हैदराबादला जायचं होतं. त्याआधी तिथे प्रवेशाची तोंडी परीक्षा होती, आणि माझं पुस्तक इंग्रजांसाठी लिहिलेलं. त्यातले प्रश्नही त्यांचेच. खुर्चीला 'ती' का म्हणायचं, म्हणून बिचारे पानभर रडतात. आपण जन्मापासून म्हणत आलोय, आपल्याला काय त्याचं? पण 'नाही' म्हणायला क्रियापदाच्या मागे-पुढे दोन शब्द का, हे मलाही कळेना. मी रांगेतच विचारलं.

"न्हाई म्हणणं मुश्कील असतं," तो म्हणाला. "तुम्ही म्हणून बघा की कधी."

"कुणाला?"

तो घागरीत बघू लागला. घागर रिकामीच होती.

पुढे उत्तरं पाठ झाली, तरी मी विचारतच राहिले. जीव सारखा धास्तावलेला. परीक्षेची भीती होतीच, पण खरी भीती वेगळी होती — मी गेले तर ह्याला काही वाटेल का? की मी म्हणजे रांगेतली एक शंकेखोर पोरगी, एवढंच?

निघायच्या दिवशी सकाळीच टँकर आला. माझी घागर भरली. बाजूला होऊन मी शेवटचा प्रश्न विचारला, "'गेले', 'आले' ही क्रियापदं फ्रेंचमधी बाकीच्यांपेक्षा वेगळी का चालतात?"

त्याच्यापुढे दोनच घागरी होत्या. तरी तो रांग सोडून माझ्याजवळ आला आणि एकेक क्रियापद घेऊन समजावू लागला.

"विरूपाक्षा, नंबर गेला की रे," रांगेतली गुरम्मा मावशी ओरडली. त्याने मानही वळवली नाही. टँकर रिकामा होऊन निघून गेला. ह्या दुष्काळात माणसं लग्नाच्या पंगतीतून उठून टँकरला पळतात. नंबर कुणी सोडत नाही.

"तुमचं पाणी..." मी म्हणाले.

"टँकर चार दिवसांनी येतोय. तुम्ही वर्षानं येताल."

"पास झाले तर."

"व्हताल की. त्याचीच तर फिकीर लागून राहिलीय मला."

माझे डोळे भरून आले. "हे समदं मला येत होतं," मी सांगून टाकलं. "लई दिवसांपासून."

"ठाव होतं," तो हळूच म्हणाला.

मी माझी भरलेली घागर उचलून त्याच्या खांद्यावर ठेवली.

"घरी न्या. आईनं विचारलं तर सांगा... सुनेनं भरून दिली."