मागच्या सीटचा माइक

छोट्या विमानांच्या त्या मैदानावर त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण एखाद्या विमानाच्या रेडिओत काही खरखरू लागलं, कुईंकुईं करू लागलं, की छडा लावायला त्यालाच बोलवायचं. तो हेडफोन चढवायचा, डोळे मिटायचा आणि थोड्या वेळानं म्हणायचा, तार ठीक आहे, नटाला गंज चढलाय. बहुतेक वेळा तसंच निघायचं. बायको म्हणे, यंत्रानं खाकरलं तरी यांना ऐकू जातं, मी हाक मारली की मात्र बहिरे.

तर एका सकाळी त्याच्या ताईचा फोन आला. भाऊजींच्या विमानात फार आवाज येतोय, जरा बघशील का, एवढंच म्हणाली. भाऊजी म्हणजे तिचा नवरा. चार सीटच्या जुन्या विमानातून औषधांची खोकी गावोगाव पोचवणं हा त्यांचा धंदा. मग त्यांनीच का नाही फोन केला, असं कानसेननं विचारलं, तेव्हा हळूहळू तिनं सांगितलं. भाऊजी काम संपलं तरी उतरत नाहीत. टाकी कोरडी पडेपर्यंत वर घिरट्या घालत राहतात. परवा तर चाकं टेकली आणि इंजिन आपोआप बंद पडलं. का असं करता, म्हणून विचारलं तर म्हणतात, रेडिओतला आवाज तपासतोय.

"एक गेली ती पुरे झाली रे," ताई म्हणाली. "हे तरी जमिनीवर राहू देत."

गेली ती त्यांची एकुलती एक मुलगी, कानसेनची भाची. सदा काहीतरी गुणगुणत असायची म्हणून घरात तिचं नाव भुंगी पडलं होतं. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या दिवशी ताई परगावी होती आणि पोर तापानं फणफणली. मोठं हॉस्पिटल रस्त्यानं फार लांब. भाऊजींनी तिला मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधलं, अंगावर पांघरूण घातलं आणि विमानातूनच नेलं. उतरले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. यापलीकडे भाऊजी कधी बोलले नव्हते आणि त्यांना खोदून विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

कानसेन हत्यारांची पेटी घेऊन हँगरमध्ये गेला, तेव्हा भाऊजी विमानाच्या पंखाला टेकून उभे होते. गालफडं बसली होती. आवाज काही फार नाही रे, उगाच कशाला तसदी घेतोस, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. आत उन्हानं तापलेल्या रबराचा आणि पेट्रोलचा वास कोंडला होता. मागच्या सीटच्या हुकाला भुंगीचा छोटा हेडफोन तसाच लटकत होता. त्याच्या माइकवरचा स्पंज तिनं कुरतडलेला, पिन खोबणीत खोचलेली. कानसेननं तिकडे बघायचं टाळलं आणि कामाला लागला.

इंजिन चालू केल्यावर कानात एकच कालवा उठला. कुईं आवाज इंजिनच्या वेगाबरोबर चढत-उतरत होता, म्हणजे तो वीज तयार करणाऱ्या यंत्राचा. तिथली एक जुनी पट्टी झिजून तुटायला आली होती, ती त्यानं बदलली. मग टिकटिक. ती पंखाच्या टोकावरच्या लुकलुकत्या दिव्याची. कुणा शहाण्यानं दिव्याची आणि हेडफोनची तार एकाच जुडीत बांधली होती, ती त्यानं सोडवून वेगळी केली. शेवटी तडतड उरली. एका प्लगच्या तारेचं वेष्टण फाटलं होतं. तेही झालं. एकेक आवाज बंद होत गेला आणि भाऊजी स्टुलावर बसून बघत राहिले, ऑपरेशनच्या दाराबाहेर बसलेल्या माणसासारखे.

आता एकदा वर जाऊन ऐकायला हवं, असं कानसेन म्हणाला, तसे भाऊजी ताडकन उठलेच.

दुपार उतरणीला लागली होती, आकाश लख्ख होतं. वर गेल्यावर कानसेननं डोळे मिटले. कानात इतकं स्वच्छ होतं की भाऊजींचं आवंढा गिळणंही कळावं. आता, अशा विमानात प्रत्येक सीटचा माइक एरवी मिटलेला असतो. त्या सीटवरचं माणूस बोलू लागलं की आपोआप उघडतो आणि त्या कोपऱ्यातली घरघर कानात शिरते, शेजारच्या खोलीतली खिडकी कुणी उघडावी तशी. काम फत्ते, असं तो म्हणणार, इतक्यात ती खिडकी उघडली.

त्यानं तोंड उघडलं नव्हतं. भाऊजींचेही ओठ मिटलेले होते.

एक श्वास ऐकू आला. नाक चोंदल्यासारखा, लहान. मग खिडकी मिटली.

हादऱ्यानं उघडला असेल, असं म्हणून त्यानं, माइक सहजासहजी उघडू नये म्हणून, त्याची कळ आणखी आवळली. पुन्हा उघडला. त्यानं मान वळवून पाहिलं. मागची सीट रिकामी होती. पट्टा मात्र रिकाम्या सीटवर घट्ट लावलेला. त्यानं हात लांबवून छोट्या हेडफोनची पिन उपटली आणि मुठीत धरली. आता तिकडून आवाज यायला वाटच उरली नव्हती.

खिडकी उघडली आणि गुणगुणणं सुरू झालं.

शब्द नव्हते. तिनंच जुळवलेली, कुठेच न संपणारी चाल. मध्येच धाप लागून तुटायची... पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. कानसेनच्या अंगावर सरसरून काटा आला आणि त्याच क्षणी डोळे भरून आले. घाबरावं की तिला हाक मारावी, हेच त्याला कळेना.

"ऐकलंस ना?" भाऊजींनी समोर बघतच विचारलं.

"भाऊजी... हे कधीपासून?"

"पहिल्यापासून. पण त्या खरखरीत नीट कळत नव्हतं. वाटायचं, आपल्यालाच भास होतोय. तू सगळं साफ केलंस... आज पहिल्यांदा नीट ऐकली."

मग वर्षभर जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्यांनी तिथे सांगितलं. त्या दिवशी रेडिओत असाच गोंगाट होता. ढग खाली आलेले, टॉवरचं बोलणं कळेना आणि मागून भुंगी काहीतरी बोलत होती. तिचं आणि टॉवरचं एकमेकांत मिसळायला लागलं. त्यांनी मागचा माइक बंद केला. अगदी थोडा वेळ, रस्ता विचारून घेण्यापुरता.

"मग?"

"मग उघडायचा राहून गेला."

मागून गुणगुणणं येत होतं. खाली जायला लागलं की ती गप्प होते, भाऊजी म्हणाले, म्हणून खाली जावंसं वाटत नाही. पेट्रोलचा काटा तळाकडे चालला होता. कानसेननं त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि नुसता धरून राहिला. कितीतरी वेळानं भाऊजींनी विमानाचं नाक खाली केलं. इंजिन मंदावलं तशी चालही मंदावली आणि अर्ध्यातच थांबली.

भाऊजी घरी गेल्यावर कानसेन एकटाच हँगरमध्ये उरला. आवाज जिथे होतो ती जागा सापडली नाही, तर तो कानापर्यंत येतो ती वाट तोडायची, हे त्याच्या कामातलं रोजचंच. त्यानं भाऊजींना विचारलं नाही. ताईचा शब्द डोक्यात ठेवून पॅनेल उघडलं आणि मागच्या सीटच्या सगळ्या तारा मुळाशी कापल्या. तो छोटा हेडफोन त्यानं स्वतःच्या घरी नेला आणि कपाटात कपड्यांच्या तळाशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी भाऊजी वर गेले आणि लवकरच परत आले. इंजिन बंद करून आतच बसून राहिले. कानसेन दाराशी गेला.

"आवाज गेला," भाऊजी म्हणाले. रागावले नव्हते.

"हो."

"ती गप्प झाली, की मला ऐकू येईनासं झालं?"

याचं उत्तर कानसेनला पक्कं ठाऊक होतं. तेच तर त्याचं काम होतं.

"गप्प झाली, भाऊजी," तो म्हणाला.

त्यांनी मान डोलावली. उतरताना मागच्या सीटवर क्षणभर हात ठेवला, लहान मुलाच्या कपाळाचा ताप बघावा तसा, आणि चालत घरी गेले. पुन्हा ते विमानात बसले नाहीत. हळूहळू जेवू लागले, झोपू लागले. विमान लांबच्या एका माणसानं विकत घेतलं आणि तो ते उडवत घेऊन गेला. ताई फोनवर रडली. तू माझा संसार वाचवलास रे, म्हणाली.

पुढे कधीतरी टॉवरमधल्या रेडिओचं काम निघालं, म्हणून तो वर गेला. तिथल्या बाई नवीनच बदलून आल्या होत्या, त्यांना या घरातलं काही ठाऊक नव्हतं. चहा देता देता त्यांनी त्याच्याकडे एक तक्रारच केली. तुमच्या त्या भाऊजींचं मला त्या दिवशी मुळीच पटलं नाही, म्हणाल्या. शेवटचे आले होते ना, त्या दिवशी. पोराबाळांशी असं वागतात का?

कानसेनचा कप हातातच राहिला. कुठल्या पोराबाळांशी, असं त्यानं विचारलं.

"त्यांच्याबरोबर मुलगी नव्हती का?" बाई म्हणाल्या. "ते उतरायची परवानगी मागत होते आणि ती मागून विचारत होती, बाबा, ऐकू येतंय का? सारखी तेच. हे आपले तिला उत्तरच देईनात. त्यांनी बोलायचं बटण सोडलं तरी तिचा आवाज येतच होता. म्हटलं, बटण अडकलं असेल. मग उतरले, इंजिन बंद झालं, इथून मला दिसत होतं, एकटेच चालत गेले. आणि ती आपली विचारतेच आहे..."

"मग?"

"मग काय, मलाच राहवलं नाही. मी म्हटलं, येतंय गं बाळा, ऐकू येतंय, बोल."

बाईंनी कप खाली ठेवला.

"तर म्हणाली, 'तुम्ही नाही.'"