मनोऱ्याखाली घातलेलं गाऱ्हाणं

त्या शनिवारी मी रेवदंड्याच्या किल्ल्यात गेले ती चौदा पाहुण्यांना जुनं चौल-रेवदंडा दाखवायला. रात्रबित्र नव्हती हो. सकाळचे साडेअकरा, डोकं तापवणारं ऊन. असल्या उन्हात भूतसुद्धा सावली शोधत बसेल, म्हणून मी अगदी निर्धास्त.

माझे सासरे बुधाजी इथले गाइड. चाळीस वर्षं त्यांनी हा किल्ला दाखवला आणि गेल्या भाद्रपदात गेले. त्यांचं काम मी करते म्हटलं, तशी सासू, नलू तिचं नाव, फणकारली, "तुला जमनार न्हाय गो जागृती. त्यांची जीभच येगळी व्हती." सासरे गेल्यापासून ती हसली नव्हती की धड जेवली नव्हती. मलाही हट्ट चढला. त्या दिवशी अलिबागच्या टूरवाल्याचा माणूस प्रीतम माझी परीक्षा घ्यायला सोबत आला होता. पास झाले तर दर शनिवार माझा. नापास झाले तर पुन्हा शेडवर कोळंबी सोलत बसायचं. त्या वासाला मी विटले होते, खरं सांगते.

आता सनावळी आणि मी, आमचं जन्मात जमलं नाही. मनोऱ्याखाली पोचलो आणि घाबरून मी पोर्तुगीजांचा मनोरा सरळ इंग्रजांना देऊन टाकला. पाहुणे हसले. बरं, हसू देत. पण ते माझ्याकडे बघून हसत नव्हते. चौदाच्या चौदा जण माझ्या डाव्या खांद्यामागे बघत होते. मी वळून पाहिलं. पडकी भिंत, नारळीची सावली, आणि... विडीचा वास.

पुढे तेच. मी एक वाक्य बोलायचं आणि त्यांनी माझ्या मागे बघून माना डोलवायच्या. एका आजोबांनी टाळी द्यायला हवेत हात पुढे केला. टाळीचा आवाज आला.

प्रीतम मात्र बेहद्द खूश. "ताई, ते काका कसले भारी आहेत! तुम्ही मुद्दाम चुकायचं, त्यांनी सुधारायचं, जोडी मस्त जमवलीय. अरबी घोडे कुठे उतरायचे, रेशीम कुठे विणायचे, अख्खं शहर उभं केलं डोळ्यांसमोर. काम तुमचंच. फक्त काका हवेत बरं का."

"कुठले... काका?"

"ते काय, पांढरी टोपीवाले. कानावर विडी अडकवलेले."

टोपी आणि विडी, दोन्ही माझ्या सासऱ्यांचीच. पण खोटं कशाला बोलू, भीतीपेक्षा राग जास्त आला. मेल्यावरसुद्धा सुनेला चार शब्द बोलू देत नाहीत म्हणजे काय!

शुक्रवारी भर दुपारी नारळ आणि विड्यांचं बंडल घेऊन मी मनोऱ्याखाली गेले आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्याला चार माणसं लागतात, प्रत्येक मागण्यावर 'व्हय म्हाराजा' म्हणायला. पण असल्या कामाला बोलावू कुणाला? मागणारी मीच, होकार देणारीही मीच.

"बा म्हाराजा, पावण्यांना दिसू नको... व्हय म्हाराजा. माझा मान मला ऱ्हाऊ दे... व्हय म्हाराजा. आन् तुझी ती जीभ माझ्या तोंडात बसव..."

मी श्वास घेतला. आणि माझ्या आधीच पाठीमागून कुणीतरी सावकाश म्हणालं, "व्हय... म्हाराजा."

नारळ तिथेच टाकून मी जी पळाले, ती थेट घरी. पाणी पिताना आठवलं, गाऱ्हाण्यात मुदत सांगायची असते. कधीपासून, कधीपर्यंत. ती सांगायचीच राहिली होती.

पण शनिवारी काय सांगू तुम्हाला! एकही मान मागे वळली नाही. बंदर, घोडे, रेशमाचा बाजार, देवळं, तळी, जे मी आयुष्यात कधी वाचलं नाही ते तोंडातून नुसतं वाहत होतं. पुण्याच्या एका बाईंनी तर डोळे पुसले. प्रीतमने तिथल्या तिथे वर्षभराचं काम दिलं. "आज काका नव्हते तरी काही अडलं नाही, ताई!" माझे पाय जमिनीवर नव्हते.

घरी आले. सासू ओटीवर बसली होती. मला बघताच ती लगबगीनं उठली आणि तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. मला पाय धुवायला पाणी दिलं. पाट मांडला. ताटात माशाचं डोकं वाढलं. आमच्याकडे ते एकाच माणसाला वाढलं जायचं.

"आई, अहो मी जागृती," असं म्हणायला मी तोंड उघडलं. बाहेर आलं, "कालवनात आंबट कमी हाय गो."

सासू लाजली. हसली. मग शेजारी बसून पोटभर जेवली.

मुदत सांगायला परत जाणार होते हो मी, शप्पथ. पण त्या बाईचा चेहरा बघून माझा पाय निघेना. बाहेर माझी जीभ माझीच असते, ही आत्ता बोलतेय ना, तशी. घरातही निदान टूर नसेल त्या दिवशी ती मला परत मिळेल, असं वाटलं होतं. आज मंगळवार, टूर नाही. मघाशी घरातून निघाले तेव्हा सासू आरशासमोर उभी होती, आणि तिनं केसात अबोलीचा गजरा माळला होता.