पान सत्त्याण्णव ते एकशे बारा

"दहापैकी चार. तेही दया म्हणून," असं म्हणत दादाने हातातलं पुस्तक पलंगावर टाकलं. "पहिल्याच प्रकरणात तीन खून. मेलेल्यांची ओळख तरी होऊ द्यायची की नाही?"

"माझे सात," डिंक्या म्हणाला. "बाइंडिंग मजबूत आहे."

"अरे बाबा, गोष्टीचे गुण सांग!"

डिंक्याचे वडील पुस्तकांचे बाइंडर. त्याच्या बोटांना कायम डिंक लागलेला असायचा, आणि एखाद्या गोष्टीला चिकटला की सुटायचा नाही, म्हणून तो डिंक्या. दादा आणि त्याची धाकटी बहीण बारकी सुट्टीत मावशीकडे आले होते आणि डिंक्या शेजारीच राहत होता.

गावातल्या वाचनालयाने नव्या रहस्य-कादंबऱ्यांची स्पर्धा ठेवली होती. पुस्तकं पाच, परीक्षक एक. तिघांनी ठरवलं होतं की पाचही वाचायच्या आणि परीक्षकांच्या आधी आपला निकाल लावायचा. वहीत तीन रकाने आखले होते: धागेदोरे, भीती आणि शेवट.

बारकीचे गुण सगळ्यात आधी भरून व्हायचे. ती एवढं भरभर कसं वाचते, याचं दादाला फार कौतुक. खरी गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. ती आधी शेवटची दहा पानं वाचायची, मग पहिली वीस, आणि मधलं नुसतं चाळायची. खुनी कोण ते एकदा कळलं की मधे राहतंच काय, असं तिचं मत होतं.

पाचवी कादंबरी मावशीची होती, 'उणे अठरा'. मावशी दुधाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करायची आणि सकाळी कामावर जायच्या आधी लिहायची. सहा वर्षं खपून लिहिलेलं तिचं हे पहिलंच पुस्तक. एका शीतगृहात व्यवस्थापक गोठून मरतो, अशी त्यातली गोष्ट. घरात एकच प्रत होती. ती बारकीने सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात उचलली होती आणि दोन दिवसांनी "मावशी, एकदम भारी!" म्हणून परतही केली होती. दादा आणि डिंक्याची पाळी अजून यायची होती.

दादाने चार गुण दिले त्याच संध्याकाळी मावशी हातात एक कागद घेऊन आली. परीक्षकांचं मत होतं. तिने ते उभ्यानेच वाचून दाखवलं. " 'क्रमांक पाचवा. गुन्हेगार शेवटी आभाळातून पडल्यासारखा येतो. वाचकाला आधी एकही दुवा दिलेला नाही. ही वाचकाची फसवणूक आहे.' "

मावशी बारकीच्या शेजारी येऊन बसली.

"तू वाचलंयस ना? खरं सांग हं. तो मुकादम खुनी असेल असं तुला आधी कुठे वाटलं होतं?"

मी मधलं वाचलंच नाही, एवढंच बारकीला म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं, "नाही गं. मलाही नाही वाटलं."

मावशीने मान हलवली. "मग बरोबर आहे त्यांचं. वाचकाला फसवायचं नाही, एवढं एकच मला जपायचं होतं. तेच जमलं नाही." लिहायला घेतलेल्या आपल्या दुसऱ्या कादंबरीची एकशे चाळीस पानं तिने टेबलावरून उचलली आणि पिशवीत भरून माळ्यावर टाकली. "प्रकाशकांना सोमवारी कळवते, वाट बघू नका म्हणून. मी काही लेखिका नव्हे."

बारकीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने 'उणे अठरा' पहिल्या पानापासून उघडलं. दुपारी ती एकशे तीनाव्या पानावर पोचली आणि ताडकन उठून बसली. त्या पानावर शीतगृहातला तापमानाचा तक्ता होता. मुकादमाने दर तासाला थर्मामीटर बघून तो भरायचा. खुनाच्या दिवशी चार तास वीज गेली होती, हे नव्वदाव्या पानावर आलेलंच होतं. वीज नसेल तर आतला पारा चढायला हवा, तरीही तक्त्यात तासामागून तास उणे अठराच लिहिलेलं. म्हणजे मुकादम थर्मामीटरपाशी नव्हताच! मग होता कुठे?

दुवा दिलेला होता, ढळढळीत होता, आणि ती म्हणाली होती की नाही दिसला.

तिने दोघांना बोलावून सगळं कबूल केलं.

"म्हणजे तू आठ गुण दिलेस ते कशाचे?" दादाने विचारलं.

"शेवटाचे."

"छान. आणि आपण परीक्षकांना नावं ठेवतोय. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला."

बारकी खाली मान घालून बसली. डिंक्याला मात्र वेगळीच शंका आली होती. "तू वाचलं नाहीस म्हणून तुला दिसलं नाही. मग त्यांना का दिसलं नाही?"

तिघं तडक वाचनालयात गेले. परीक्षकांकडून परत आलेल्या प्रती काचेच्या कपाटात होत्या. ग्रंथपालबाई शिक्के मारण्यात गढल्या होत्या. "बघा, पण डिंकाचे हात लावू नका," त्या मान वर न करता म्हणाल्या.

परीक्षकांची प्रत दादाने उघडली. चाळिसाव्या पानापर्यंत समासात पेन्सिलीच्या खुणाच खुणा होत्या. पुढे एकही नव्हती. मग एकदम शेवटच्या प्रकरणात पुन्हा खुणा. बारकीला एकशे तीन नंबरचं पान काही सापडेना.

"थांब." डिंक्याने पुस्तक घेतलं आणि पानांचे आकडे ओळीने पाहिले. शहाण्णवनंतर पुन्हा एक्क्याऐंशी आलं, पुन्हा शहाण्णवपर्यंत गेलं, आणि नंतर थेट एकशे तेरा. त्याचा चेहरा पडला. "पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी शिवतात. एक फर्मा दोनदा लागलाय आणि पुढचा राहिलाय. आणि हे बाइंडिंग आमच्या बाबांचं आहे."

"वडिलांना सांगशील?" बारकीने विचारलं.

"सांगावं लागणारच. फाडून खातील मला."

"फाडलं तर शिवतीलही तेच," दादा म्हणाला. मग तो गंभीर झाला. "चूक बाइंडिंगची आहे, कबूल. पण सोळा पानं दोनदा समोर येतात आणि वाचणाऱ्याला कळत नाही?"

त्यांनी प्रत ग्रंथपालबाईंपुढे ठेवली. बाईंनी ती उघडलीसुद्धा नाही. "परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो. एवढे मोठे समीक्षक ते, तुम्ही त्यांना शिकवणार? सुट्टी आहे, खेळा जा. आणि शनिवारी कार्यक्रमाला या. प्रश्न विचारायला वेळ ठेवलाय."

"वेळ ठेवलाय ना?" दादा म्हणाला. "मग झालं तर."

शनिवारी सभागृह भरलं होतं. मावशी यायला तयार नव्हती. बारकीने हाताला धरून आणलं, तेव्हा ती शेवटच्या रांगेत बसली. परीक्षक पांढऱ्या केसांचे आणि मऊ आवाजाचे होते. वाचकाचा विश्वास ही केवढी मोठी गोष्ट आहे, यावर ते सुरेख बोलले. मग प्रश्न सुरू झाले आणि दादा उभा राहिला.

"सर, 'उणे अठरा'चं पान एकशे तीन वाचून दाखवता का? आम्हाला तिथे एक शंका आहे."

डिंक्याने कपाटातली प्रत त्यांच्या हातात दिली. ते हसत पानं उलटू लागले. उलटता उलटता थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले. हसू मावळलं.

"बाइंडिंगमध्ये चूक झालेली दिसते."

"हो सर. माझ्या बाबांची," डिंक्या म्हणाला. त्याचे वडील भिंतीपाशी उभे होते, त्यांनी हात वर केला. "पण ती तुम्हाला आज कळली?"

"ए, बसा खाली!" ग्रंथपालबाई ओरडल्या.

आता बारकीची पाळी होती. न वाचता निकाल देणाऱ्यांना उद्देशून एक झणझणीत वाक्य तिने दोन दिवस पाठ केलं होतं. ती उठली. शेवटच्या रांगेत मावशी दिसली आणि ते वाक्य बोलायला तिची जीभच वळेना.

"मीही मधली पानं वाचली नव्हती," ती म्हणाली. "मावशीने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. म्हणून तिने लिहायचं सोडलं. आता मी वाचलंय. ते पान मी वाचून दाखवू का?"

परीक्षकांनी मानेनेच होकार दिला. बारकीने घरची प्रत उघडून एकशे तीनावं पान वाचलं. "म्हणजे मुकादमाने थर्मामीटर बघितलाच नव्हता," तिने शेवटी समजावून सांगितलं. "न बघताच आकडे लिहीत होता."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. परीक्षकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ ते तो पुसत राहिले.

"त्या मुकादमात आणि माझ्यात आता फारसा फरक उरला नाही," ते म्हणाले. "एकाच महिन्यात तीन स्पर्धांची पुस्तकं मी घेतली होती. नाही म्हणता येत नाही मला, आणि चाळून भागतं असं वाटायला लागलं होतं. बाई, हा निकाल मी मागे घेतो. मला पाचही पुस्तकं पुन्हा द्या, आणि आठ दिवस." मग ते शेवटच्या रांगेकडे वळून म्हणाले, "लेखिकाबाई, फसवणूक तुम्ही केली नव्हती. मी केली."

"राग आलाय मला," घरी जाताना मावशी बारकीला म्हणाली. "तुझ्या त्या 'एकदम भारी'वर मी किती खूश होते, माहितीये? पण आज सगळ्यांसमोर उभी राहिलीस, ते मला जमलं नसतं." तिने बारकीच्या खांद्यावर हात टाकला, आणि इतका वेळ आवरलेलं बारकीचं रडू फुटलं.

आठ दिवसांनी नवा निकाल लागला. 'उणे अठरा' दुसरं आलं. परीक्षकांनी तीन पानं लिहिली होती. दुव्याचं मनापासून कौतुक होतं, आणि नायिकेचा भाऊ उगाचच आणलाय हेही होतं. शेवटी लिहिलं होतं, 'या कादंबरीचं खरं परीक्षण तीन मुलांनी केलं. मी त्यांचा ऋणी आहे.' ग्रंथपालबाईंनी तो कागद स्वतः फळ्यावर लावला आणि नव्या पुस्तकांचे फर्मे तपासायला डिंक्याला बोलावलं. या वेळी डिंकाच्या हातांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

मावशीने माळ्यावरची पिशवी काढली आणि ती एकशे चाळीस पानं बारकीच्या मांडीवर ठेवली.

बारकीला ती वाचायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सकाळी ती मावशीच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"पन्नास ते सत्तर मला कंटाळा आला," ती एका दमात म्हणाली. "आणि डॉक्टरांची बायको खोटं बोलतेय, ते मला फार आधी कळलं."

मावशीने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. बारकीला वाटलं, आपण पुन्हा घोळ घातला. मग मावशीने शेजारची खुर्ची ओढली आणि पेन्सिल हातात घेतली.

"कुठे कळलं?" ती म्हणाली. "बस इथे. पान दाखव."